मॅनेजरमधला हरवलेला ए

रात्री साडेअकराला भावाचा मेसेज आला, ताई झोपलीस का, एक अर्ज पाठवायचाय, फक्त एकदा नजर टाक. मी म्हटलं पाठव. त्याने फाइल पाठवली आणि पहिल्याच ओळीत मी अडकले. वरती इंग्रजीत ‘डिअर हायरिंग मॅनेजर’ लिहायचं होतं त्याला, पण मॅनेजरच्या स्पेलिंगमधला दुसरा ए राहून गेलेला. आता तो ए गळला की जे उरतं तोसुद्धा इंग्रजीतला खराखुरा शब्द आहे, त्याचा अर्थ गव्हाण, गुरांच्या पुढ्यात चारा टाकतात ती. त्यामुळे कॉम्प्युटरने खाली लाल रेघ मारलीच नाही. भावाने चार वेळा वाचलं होतं, रेघ दिसत नाही म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालला होता, आणि हीच फाइल त्याआधी सहा ठिकाणी जाऊन आली होती.

सहा ठिकाणी. एकाकडूनही फोन नाही.

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. आलेले अर्ज चाळून पुढे कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही हे ठरवायचं, गेली नऊ वर्षं माझ्या कामातला मोठा भाग हाच आहे. एक जागा निघाली की ढीग येतो, आणि पहिल्या चाळणीत एका अर्जाला मिनिटभर पण मिळत नाही, खरंच नाही मिळत, दुपारपर्यंत यादी द्यायची असते. अशा वेळी डोळा चांगलं काही शोधत नसतो, तो बाजूला काढायला कारण शोधत असतो. आणि स्पेलिंगची चूक हे सगळ्यात सोपं कारण आहे. त्यासाठी त्या कामातलं काही कळावं लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही, आणि नंतर कोणी विचारलं तर दाखवता येतं की हे बघा, इथे चुकलंय. मी असे कितीतरी अर्ज बाजूला ठेवलेत. एकात तर ‘बारकाव्यांकडे लक्ष’ हा गुण म्हणून लिहिलेला आणि नेमकं त्याच शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं, तो मी शेजारच्या टेबलावर दाखवला होता आणि आम्ही दोघी हसलो होतो. तो माणूस कोण होता, काय करत होता, मला आठवत नाही, कारण मी पुढची ओळ वाचलीच नव्हती. भावाची फाइल उघडली आणि तो अर्ज डोळ्यांपुढे आला. तोही कोणाचातरी भाऊ असणार.

हे फक्त माझ्याच टेबलावर होतं असं नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये यावर एक अभ्यास छापला, त्यात ४४५ रिक्रूटर, म्हणजे नोकरीसाठी माणसं निवडणारे, होते आणि त्यांना वेगवेगळे बायोडेटा तपासायला दिले, काही बिनचूक, काहींमध्ये थोड्या चुका, काहींमध्ये भरपूर. भरपूर चुकांच्या बायोडेटाला मुलाखतीला बोलावण्याची शक्यता बिनचूक बायोडेटापेक्षा १८.५ टक्के अंकांनी कमी निघाली, आणि अगदी थोड्या चुका असल्या तरी ७.३ अंकांनी. पण मला जास्त लागलं ते पुढचं. त्यांनी हे पण तपासलं की चूक दिसली की रिक्रूटरच्या मनात त्या माणसाबद्दल नेमकं काय येतं. तर निष्काळजी असेल, लोकांशी नीट वागता येत नसेल, हे तर येतंच, पण सगळ्यात जास्त वाटा कशाचा होता तर याची बुद्धीच कमी असणार या समजाचा. म्हणजे वाचणारा नुसतं ‘घाईत लिहिलंय’ म्हणून थांबत नाही, तो थेट डोक्यापर्यंत पोचतो.

हे असं का होतं यावर शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले मार्क बघितले, शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे, आणि त्याला दिसलं की ज्याला एकात चांगले मार्क त्याला सगळ्यातच चांगले. ज्याची शरीरयष्टी चांगली तो हुशारही आणि भरवशाचाही. याला हेलो इफेक्ट म्हणतात, हेलो म्हणजे डोक्यामागचं तेजोवलय, आणि तो उलट्या बाजूनेही तितकाच चालतो. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, पण शित भाताचं असतं म्हणून ती परीक्षा चालते. स्पेलिंग हे मशीन दुरुस्तीचं शित नाही. ते गाडी चालवण्याचं नाही, नर्सिंगचं नाही, गोडाऊन सांभाळण्याचं नाही.

माझा भाऊ मशीनच्या आवाजावरून बेअरिंग जायला आलंय हे सांगतो. लांबून, पाठ फिरवून उभा असताना. शाळेत असताना त्याच्या वह्या लाल शाईने भरलेल्या असायच्या, घ च्या जागी ध, भ च्या जागी म, जोडाक्षरं उलटी, वेलांट्या कुठेही. खाली शेरा ठरलेला, लक्ष देत नाही. आणि तो घरी बसून एकेक पान तीन तीनदा लिहायचा, मी शेजारी बसलेली असायचे, मी बघितलंय, त्याच्याइतकं लक्ष आमच्या घरात कोणीच देत नव्हतं. तिसऱ्या वेळेला दुसऱ्याच जागी चूक व्हायची. धडा तोंडी विचारला की घडाघडा सांगायचा. त्याची कधी कसली तपासणी झाली नाही, कोणाला सुचलंच नाही, त्यामुळे त्याला काय होतं याला मी आज नाव देणार नाही. पण डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे बुद्धी असूनही लिहिण्या-वाचण्यात येणाऱ्या अडचणीबद्दल, मी नंतर वाचायला लागले तेव्हा पहिल्याच काही पानांत मला तो दिसला.

१८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या एका इंग्लिश डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं. मुलगा चुणचुणीत, खेळात पुढे, सात वर्षांचा असल्यापासून शिकवण्या चालू, आणि तरी लिहिता वाचता येत नव्हतं. नाव पर्सी, आणि स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर प्रेसी लिहायचा, अक्षरं तीच पण जागा उलटी. आणि त्याच्या मास्तरांनी डॉक्टरला सांगितलं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. हे वाक्य मी वाचलं आणि फोन खाली ठेवला. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मास्तराला जे दिसलं ते आमच्या शाळेत कोणाला का दिसलं नाही. आज तर हे बऱ्यापैकी माहितीये की मूळ अडचण डोळ्यांची नसते आणि बुद्धीची तर नसतेच, बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करून त्यांची अक्षरांशी सांगड घालणं तिथे ती असते, आणि मोठं झाल्यावर वाचन सुधारलं तरी स्पेलिंगची अडचण पुष्कळांना जन्मभर राहते.

आणि सगळ्या भाषा सारख्या छळत नाहीत. इंग्रजीत एकाच आवाजाला पाच पाच स्पेलिंगं, एकाच स्पेलिंगचे चार उच्चार. २००३ मध्ये युरोपातल्या तेरा भाषांमधल्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, त्यात फिनिश, इटालियन अशा भाषांची मुलं शाळेच्या पहिल्या वर्षाअखेरीस साधे शब्द जवळपास बिनचूक वाचत होती आणि इंग्रजीतल्या मुलांना तेवढंच जमायला दुपटीहून जास्त वेळ लागत होता. त्याआधी २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्लिश डिस्लेक्सिक लोकांच्या मेंदूचे स्कॅन घेतले होते, तर मेंदूत दिसणारी खूण तिघांचीही सारखीच, पण इटालियन लोकांचं वाचन मात्र बाकीच्या दोघांपेक्षा बरं. म्हणजे तोच माणूस एका भाषेत कसाबसा निभावून नेतो आणि दुसरीत सगळ्यांपुढे उघडा पडतो. आता जगातले किती अर्ज इंग्रजीत लिहिले जातात, आणि त्यातल्या किती जणांची ती घरातली भाषा आहे, याचा विचार करा. आणि वाचणाऱ्याची तरी घरची भाषा ती असते का? माझी नाही.

मराठीत अर्ज लिहायचा म्हटलं तरी सुटका नाही. आपण म्हणतो आपलं कसं बोलतो तसं लिहितो, पण ते अर्धंच खरं. ऱ्हस्व-दीर्घ आपण बोलताना पाळतो तरी का, दिन आणि दीन बोलण्यात किती जण वेगळे करतात, पण कागदावर एक म्हणजे दिवस आणि दुसरा म्हणजे लाचार. साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२ मध्ये चौदा केले आणि १९७२ मध्ये आणखी चार घातले, असे अठरा, आणि तरी महत्त्व आणि व्यक्तिमत्त्व या दोन शब्दांत दोन त लिहिणारा अर्ज मला महिन्याभरात एखादाच दिसतो. महत् मध्ये एक त आहे आणि पुढच्या त्व मध्ये एक, म्हणून दोन, हे कोणी एकदा समजावून सांगितलं की कायमचं लक्षात राहतं, पण कोणी सांगतच नाही, नुसता गोल करतात. एम ए झालेले पण पारंपारिक लिहितात (पारंपरिक हवं). मला स्वतःला आशीर्वाद लिहिताना आजही शी दीर्घ का शि ऱ्हस्व म्हणून क्षणभर थांबावं लागतं.

याचा अर्थ चुका चालतात असं मी म्हणत नाहीये. काही कामं अशी आहेत की तिथे अक्षर हेच काम आहे. मुद्रितशोधन, भाषांतर, कायद्याचे कागद, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, तिथे एक टिंब इकडचं तिकडे झालं तर डोस दसपट होतो, तिथे मी पण काटेकोरच बघणार आणि बघायलाच हवं. आणि एक चूक मला सगळीकडेच खटकते ती म्हणजे ज्या संस्थेकडे अर्ज करतोय तिचंच नाव चुकीचं लिहिणं, कारण ते जाहिरातीत समोर छापलेलं असतं, नुसतं उतरवायचं असतं. तरी आता मी तिथेही लगेच निकाल देत नाही, कारण उतरवताना अक्षरं उलटी होणं हेच तर माझ्या भावाचं होतं. पण फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने ‘रिस्पॉन्सिबल’ मध्ये आय च्या जागी ए लिहिला म्हणून त्याला बोलवायचं नाही याला काय अर्थ आहे? त्या बायोडेटात लिहिलेलं असतं की सहा वर्षांत एकही अपघात नाही, आणि ते वाचायच्या आधीच कागद खाली गेलेला असतो.

आणि हा हिशोब एकाच बाजूने चालतो याचा मला राग आहे. नोकरीच्या जाहिराती उघडून बघा कधीतरी. पगाराच्या ओळीत चूक, पात्रतेत चूक, कधी पदाचं नावच चुकलेलं. ती जाहिरात वाचून उमेदवार म्हणत नाही की या लोकांना बुद्धी नाही, तो खाली मान घालून अर्ज भरतो कारण त्याला गरज असते. ज्याला गरज नाही त्याची चूक घाई ठरते आणि ज्याला गरज आहे त्याची चूक लायकी ठरते. माझ्या वरच्या साहेबांच्या मेलमध्ये रोज दोन तीन चुका असतात. सगळे म्हणतात बिझी असतात.

असो. त्या रात्री आम्ही काय केलं ते सांगते, कारण कोणाला उपयोगी पडेल. मी आधी त्याच्या फाइलला हातच लावला नाही. मी सगळं दुरुस्त करून पाठवलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं, पण पुढच्या अर्जाला तो परत एकटाच. मी त्याला फोन केला आणि म्हटलं फोनलाच वाचायला लाव. मोबाइलमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय असतेच, अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये. तो डोळ्यांनी चार वेळा वाचून जे पकडू शकला नव्हता ते कानाने पहिल्याच वाक्यात पकडलं. फोनने मॅनेजर न म्हणता मेंजर असं काहीतरी म्हटलं आणि तो तिकडून एकदम म्हणाला, ए थांब, हे काय म्हणाला हा? परत लाव. परत लावलं. मग त्याने स्वतः बोट ठेवून अक्षरं मोजली आणि ए सापडला.

स्वतःचं लिहिलेलं स्वतःला का दिसत नाही याला कारण आहे. आपण काय लिहायचं ठरवलं होतं ते डोक्यात आधीच तयार असतं, त्यामुळे डोळे कागदावरून फिरतात पण वाचलं जातं ते डोक्यातलं. हे सगळ्यांचंच होतं, डिस्लेक्सिया असो नसो. म्हणून मजकूर अनोळखी करावा लागतो. आम्ही अक्षराचा फाँट बदलला, आकार मोठा केला, ओळींमधलं अंतर वाढवलं. मग शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून एकेक वाक्य वर वर वाचत गेलो, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा घसरत नाही. यात आणखी दोन सापडल्या, फॉर्म च्या जागी फ्रॉम, आणि एका कंपनीत काम केल्याचं साल पुढे मागे झालेलं. ते साल तर स्पेलिंगपेक्षा वाईट, कारण त्यामुळे तो नोकरी सोडल्यावर दोन वर्षं तिथेच काम करत होता असं दिसत होतं आणि वाचणाऱ्याला वाटलं असतं खोटं लिहितोय.

मग मी त्याला एक वही करायला सांगितली, नेहमी चुकणाऱ्या शब्दांची. डिक्शनरी पाठ करायची नाही, अर्जात तेच तेच पन्नास साठ शब्द येतात, मेंटेनन्स, एक्स्पिरियन्स, रेफरन्स, सुपरवायझर. मेंटेनन्स मध्ये मध्यभागी ई येते आणि मेंटेन मध्ये ए आणि आय येतात, हे त्याला सोळा वर्षं त्याच खात्यात काम करून माहीत नव्हतं, आणि का असावं, तो मेंटेनन्स करत होता, लिहीत नव्हता. ईमेल आयडी पण बदलायला लावला, कॉलेजच्या वेळचा होता, टोपणनाव आणि पुढे तीन आकडे. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात असे पोरकट ईमेल पत्ते आणि स्पेलिंगच्या चुका रिक्रूटरच्या मतावर जवळपास सारखाच परिणाम करताना दिसले होते. ईमेल बदलायला फुकट आहे आणि पाच मिनिटं लागतात, तेवढं तरी करून टाकावं.

तू एआयला का नाही दाखवलंस असं मी त्याला विचारलं. म्हणाला दाखवलं होतं ताई, पण त्याने इतकं भारी करून दिलं की मला वाचताच येईना, आणि मुलाखतीला विचारलं हे तू लिहिलंस का तर काय सांगू. हे मला फार पटलं. नुसतं ‘चुका तेवढ्या दाखव, वाक्यं बदलू नको, आणि काय चुकलं ते सांग’ असं सांगितलं तर ही साधनं चांगली मदत करतात, आता तो तसंच करतो. पण मी माझ्या बाजूने बोलते. गेल्या एक दोन वर्षांत माझ्याकडे येणारे अर्ज एकदम गुळगुळीत झालेत, एकही चूक नाही, सगळे एकाच माणसाने लिहिल्यासारखे. पूर्वी बिनचूक अर्ज म्हणजे काहीतरी खूण आहे असं मी धरायचे, ती खूणच गेली. तरीही ज्याच्यात चूक दिसते त्याला मात्र आपण पूर्वीसारखंच बाहेर काढतोय, आणि आता तर त्यात उरलाय तो बहुतेक स्वतः लिहिणारा.

ऑफिसात मी एवढं केलं. आमच्याकडे चाळणीसाठी जो तक्ता आहे त्यात ‘लेखन / सादरीकरण’ हा रकाना पहिला होता. तो मी शेवटी नेला. म्हणजे आधी अनुभव, आधी काय काय चालवलंय, काय दुरुस्त केलंय, कोणाच्या हाताखाली केलंय हे भरायचं, आणि भाषा मग, आणि तीही ज्या पदाला लिहायचं काम आहे तिथेच. इतका छोटा बदल, कोणाला मंजुरी पण मागावी लागली नाही. पण पहिल्याच आठवड्यात मला स्वतःला जड गेलं, डोळा सवयीने चुकीवर जाऊन बसतो, त्याला ओढून अनुभवाच्या ओळीवर आणावं लागतं. जाहिरातीच्या खाली पण एक ओळ घातली, लिहून अर्ज करणं अवघड जात असेल तर फोन करा, माहिती आम्ही उतरवून घेऊ. साहेब म्हणाले फोन कोण उचलणार दिवसभर. मी म्हटलं मी उचलते. दोन आठवड्यांत अकरा फोन आले.

त्यातला एक माणूस पहिली दोन मिनिटं नुसता माफी मागत होता. मॅडम माझं लिखाण बरोबर नाही हो, आधीच सांगतो. मी म्हटलं दादा लिखाणाचं राहू द्या, काम काय करता ते सांगा. मग तो बोलायला लागला, बॉयलरवर होता बारा वर्षं, आणि मी लिहून घेता घेता दमले, पान उलटावं लागलं. शेवटी मी सगळं त्याला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना, तर तिकडून थोडा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाला, हे सगळं मीच केलंय का, असं लिहिल्यावर बरंच वाटतंय की.

त्याला सोमवारी अकराला बोलावलंय.